४२९४९६७२९७: एका मोठ्या संख्येची उलटतपासणी कशी घ्यावी

समोर एखादी दहा अंकी संख्या ठेवली आणि विचारलं, "हिच्यात काय दडलंय?", की बहुतेक जण ३, ७, ११, १३ असे भाजक एकामागून एक लावत सुटतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. अर्ध्या तासात वही भरते, हात दुखतो आणि संख्या होती तशीच बसून राहते. पुढे एक सवय लागली: भाग लावण्याआधी संख्येची विचारपूस करायची. ही कुठून आली, शेजारी कोण राहतं, कुठल्या साच्यातून घडली आहे? उत्तर मिळालं तर हजारो भागाकार वाचतात. किती वाचतात हे दाखवायला मी एकच संख्या घेतोय आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहणार आहे.

सामान फारसं लागत नाही. कागद, पेन्सिल आणि ताळा करण्यापुरता कॅल्क्युलेटर. तो दहा आकडे दाखवणारा हवा, आठ आकडीवर ही संख्या मावतच नाही. घातासाठी मी ^ ही खूण वापरेन, म्हणजे २^५ म्हणजे दोनाचा पाचवा घात, ३२.

आधी नीट लिहून घ्या

संख्या दोनदा लिहा. पहिल्यांदा आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मोठ्याने एकदा वाचाच, कारण मोठ्या संख्येतल्या निम्म्या चुका उतरवून घेतानाच होतात. दुसऱ्यांदा उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडून: ४ । २९४ । ९६७ । २९७. या गटांचा उपयोग लगेच होणार आहे.

फुकटात होणाऱ्या कसोट्या

शेवटचा आकडा ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ही बाद.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी वेगवेगळ्या कसोट्या पाठ करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे हजाराला १००१ ने भागलं की बाकी एकाने कमी पडते. म्हणून तीन-तीनचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे करायचे: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. आता दहा आकड्यांऐवजी ३८० ला भागून बघा. ७ ने बाकी २, ११ ने ६, १३ ने ३. तिघेही एका फटक्यात बाद.

इथे जाता जाता एक नोंद करून ठेवा. आपल्या संख्येला ३ ने भागलं तर बाकी २ उरते, ५ ने भागलं तरी २. पुढे १७ ने भागून बघितलंत तर तिथेही २. योगायोग वाटतो, पण नाही. यावर परत येऊ.

वर्गमूळ काढा आणि शेजाऱ्यांकडे बघा

वर्गमूळ कुठल्याही संख्येचं काढावंच, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक सगळ्यांना माहीत असतं: संख्या संयुक्त असेल तर तिचा एखादा मूळ भाजक वर्गमुळाच्या आत सापडलाच पाहिजे, म्हणजे शोध कुठे थांबवायचा ते कळतं. दुसरं सहसा कोणी सांगत नाही. वर्गमूळ एखाद्या पूर्णांकाच्या अगदी चिकटून आलं, तर संख्येचा उगमच हाती लागतो.

आपल्या संख्येचं वर्गमूळ येतं ६५५३६.०००००७ आणि पुढे काहीतरी. ६५५३६ चा वर्ग करा: ४२९४९६७२९६. एकाने कमी! म्हणजे आपली संख्या ६५५३६^२ + १ आहे. ६५५३६ हा संगणकाशी थोडाफार संबंध आलेल्याला ओळखीचा आकडा: २^१६. तेव्हा

४२९४९६७२९७ = २^३२ + १.

आता हिचं घराणं कळलं. २ चा घात, त्या घातांकाच्या जागी पुन्हा २ चाच घात, आणि वर एक: २^१ + १ = ३, २^२ + १ = ५, २^४ + १ = १७, २^८ + १ = २५७, २^१६ + १ = ६५५३७. या फर्मा संख्या. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये पत्रांतून लिहिलं होतं की या साच्यातली प्रत्येक संख्या मूळ असावी असं त्याला वाटतं, सिद्धता मात्र हाती नाही. वरच्या पाचही खरोखर मूळ आहेत. सहावी म्हणजे आपली. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्र लिहून ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाचं लक्ष या विधानाकडे वेधलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की सहावीतच फर्माचा अंदाज कोसळतो.

ऑयलरजवळ कॅल्क्युलेटर नव्हता. ६५५३६ च्या आत ६५४२ मूळ संख्या आहेत, त्या सगळ्यांनी भागत बसणं कोणाच्या जन्मात झालं नसतं असं नाही, पण कंटाळ्याने मात्र नक्की जीव गेला असता. मग वाट कुठली?

भाजकांनाही साचा असतो

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश घ्या.

समजा, प ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २^३२ + १ ला प ने भागून बाकी शून्य, म्हणजे २^३२ ची बाकी प पेक्षा एकाने कमी. "एकाने कमी" या बाकीला आपण −१ म्हणू, हिशोब फार सोपा होतो. आता वर्ग करा: २^६४ ची बाकी (−१) × (−१) = १.

दोनाचे घात घेत गेलो की प ने भागल्यावरच्या बाक्या फेर धरतात. १ आली की पुन्हा पहिल्यापासून तोच क्रम सुरू. ६४ व्या पावलाला १ आली, म्हणजे फेऱ्याची लांबी ६४ चा भाजक असणार: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. पण ती ३२ किंवा त्याहून लहान असती तर ३२ व्या पावलालाही १ यायला हवी होती, आणि तिथे तर −१ आहे. म्हणून फेरा बरोबर ६४ चा.

दुसरीकडून फर्माचंच एक प्रमेय मदतीला येतं: प मूळ असेल तर २^(प−१) ची बाकी नेहमी १. म्हणजे प−१ पावलांनी फेरा पुरा झालेला असतो, म्हणून ६४ ने प−१ ला भाग जातो. निष्कर्ष: प ही ६४क + १ या साच्यातलीच हवी. गंमत बघा, हे प्रमेयही फर्माने त्याच वर्षी, १६४० मध्येच पत्रातून कळवलं होतं. हत्यार त्याच्याच खिशात होतं.

या साच्यातले आकडे लिहून काढा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यातले संयुक्त खोडा. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. साडेसहा हजारांवरून आपण पहिल्या पाचांवर आलो.

थोडी आणखी काटछाट करता येते, तीही करून टाकू. म = २^८ × (२^१६ − १) अशी संख्या घ्या आणि वर्ग करा:

म^२ = २^१६ × (२^३२ − २^१७ + १).

कंसातल्या २^३२ + १ ची बाकी शून्य, ते गळालं. उरलं −२^३३, म्हणजे −२ × २^३२, आणि २^३२ ची बाकी −१, म्हणून उत्तर २. म्हणजे म ही प च्या हिशोबात दोनाचं वर्गमूळ! मग म^६४ म्हणजेच २^३२, बाकी −१, आणि म चा फेरा ६४ चा न राहता १२८ चा होतो. वरचाच युक्तिवाद पुन्हा लावला की प ही १२८क + १ या साच्यात बसते. ही सुधारणा एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका याने केली.

नवी यादी: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या मूळ फक्त दोन, २५७ आणि ६४१. त्यातही २५७ ही स्वतः फर्मा संख्या, आणि २^८ ची बाकी तिथे −१, तर २^१६ आणि २^३२ ची बाकी १, म्हणजे आपल्या संख्येची बाकी २. बाद. खऱ्या अर्थाने तपासायची पहिलीच संख्या ६४१.

भागाकार न करता भाग जातो का ते बघा

दहा आकड्यांना ६४१ ने भागायची अजून गरज नाही. वर्ग करत जा आणि दर वेळी ६४१ चे पट काढून टाका.

२^८ = २५६. त्याचा वर्ग ६५५३६. ६४१ × १०२ = ६५३८२, ते वजा केले, उरले १५४. म्हणजे २^१६ ची बाकी १५४. आता १५४ चा वर्ग २३७१६. आणि ६४१ × ३७ = २३७१७.

एकाने कमी. म्हणजे बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. ६४१ ने भाग जातो.

पहिल्यांदा हे हाताने केलं तेव्हा २३७१६ आणि २३७१७ एकाखाली एक लिहून मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. ही पायरी कॅल्क्युलेटरवर करू नका, मजा जाते.

ज्यांना आणखी थोडक्यात हवं असेल त्यांच्यासाठी: ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. त्याचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ चालतं. ठेवून द्या: −२^३२ ची बाकी १. झालं, तीन ओळीत.

आता भागाकार, आणि माझी फजिती

४२९४ ला ६४१ ने भाग सहा वेळा, उरले ४४८. नऊ खाली घेतला, ४४८९, भाग सात, उरले २. सहा खाली घेतला, २६, भाग जात नाही, शून्य. सात घेतला, २६७, पुन्हा शून्य. दोन घेतला, २६७२, भाग चार, उरले १०८. नऊ घेतला, १०८९, भाग एक, उरले ४४८. सात घेतला, ४४८७, भाग सात, बाकी शून्य. भागाकार ६७००४१७.

त्या मधल्या दोन शून्यांनी मला एकदा चांगलंच फसवलंय. घाईत ती लिहायची राहिली आणि उत्तर आलं ६७४१७. मी शहाण्यासारखा नवाचा ताळा केला. ६४१ ची अंकबेरीज ११, म्हणजे २. ६७४१७ ची २५, म्हणजे ७. दोन सत्ते चौदा, म्हणजे ५. मूळ संख्येची ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. जुळलं! संशय नको म्हणून अकराचा ताळाही केला, म्हणजे उजवीकडून आकडे आळीपाळीने अधिक-उणे केले. ६४१ चे ३, ६७४१७ चे ९, गुणाकार २७, अकराने भागून बाकी ५. मूळ संख्येचे −१७, त्याचीही बाकी ५. तोही जुळला! मी निर्धास्त.

शून्य गळल्याने अंकांच्या बेरजेत फरक पडत नाही, म्हणून नवाचा ताळा आंधळा. आणि शेजारची दोन शून्यं गळली की अधिक-उण्याचा क्रमही बदलत नाही, म्हणून अकराचाही. चूक पकडायला एकच साधी गोष्ट पुरली असती: अंदाज. सहाशे गुणिले सदुसष्ट हजार म्हणजे चार कोटींच्या आसपास, आणि आपल्याला हवेत चारशे एकोणतीस कोटी. तेव्हापासून आधी आकारमान बघायचं, मग ताळे. आकड्यांची अदलाबदल झाली असेल, समजा ६७ चे ७६, तर नवाला ते कळणार नाही पण अकराला कळेल. म्हणून ताळे दोन्ही करावेत, अंदाजानंतर.

उरलेला तुकडा मूळ आहे का?

६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मधे. त्याच्या आत ३०० हून अधिक मूळ संख्या आहेत. पण हा तुकडा आपल्याच संख्येचा आहे, तेव्हा त्याचे मूळ भाजकही १२८क + १ याच साच्यातले. ६४१ पासून २५८८ पर्यंत असे आकडे सोळा: ६४१, ७६९, ८९७, १०२५, ११५३, १२८१, १४०९, १५३७, १६६५, १७९३, १९२१, २०४९, २१७७, २३०५, २४३३, २५६१. यातले बहुतेक पडतात. ८९७ ला ३ ने, १५३७ ला २९ ने, १७९३ ला ११ ने, १९२१ ला १७ ने, २५६१ ला १३ ने भाग जातो. बाकीचे तुम्ही खोडा. उरतात चार.

६४१ ने भागून बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकही शून्य नाही. तेव्हा ६७००४१७ मूळ, आणि काम पुरं:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

झेरा कोलबर्न नावाच्या अमेरिकन मुलाला त्याच्या आकडेमोडीच्या करामती दाखवायला लहानपणी लंडनला नेलं होतं. तिथे त्याला हीच संख्या घातली आणि त्याने हेच दोन अवयव तोंडी सांगितले, असं सांगतात. आपल्याला एवढं नाही जमलं तरी चालेल. साच्याचा हिशोब असेल तर वहीचं एक पान पुरतं.

अवयव मिळाले की काही गोष्टी आपोआप येतात. चारच विभाजक: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज ६७०१०५९, संख्येच्या मानाने चिमूटभर. यात फार रमण्यासारखं काही नाही. खरी चव पुढच्या भागात आहे.

दोन वर्गांची बेरीज, दोन तऱ्हांनी

आपली संख्या ६५५३६^२ + १^२ अशी दोन वर्गांची बेरीज आहे हे आधीच दिसलं. अवयवही तसेच मोडतात का? ६४१ = २५^२ + ४^२. आणि ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. पडताळा: ६५३३१३६ + १६७२८१.

दोन वर्गांच्या बेरजा एकमेकींना गुणल्या तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, आणि तोही दोन तऱ्हांनी:

(अ^२ + ब^२)(क^२ + ड^२) = (अक + बड)^२ + (अड − बक)^२ = (अक − बड)^२ + (अड + बक)^२.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात याहूनही व्यापक नियम दिला होता. पुढे आपल्याकडे त्याला भावना म्हणू लागले. त्यात आकडे घाला. २५ × २५५६ = ६३९००. ४ × ४०९ = १६३६. २५ × ४०९ = १०२२५. ४ × २५५६ = १०२२४.

पहिली तऱ्हा: ६३९०० + १६३६ = ६५५३६, आणि १०२२५ − १०२२४ = १. आपलीच जुनी ओळख परत आली! त्या १०२२५ आणि १०२२४ मधल्या एकाच्या फरकातून आपल्या संख्येच्या शेपटीचा १ आला आहे.

दुसरी तऱ्हा: ६३९०० − १६३६ = ६२२६४, आणि १०२२५ + १०२२४ = २०४४९. म्हणजे

४२९४९६७२९७ = ६२२६४^२ + २०४४९^२.

वर आणखी २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग.

आता हेच उलट्या दिशेने चालवता येतं. ४क + १ या साच्यातली मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच तऱ्हेने लिहिता येते. तेव्हा दुसरी तऱ्हा सापडली की संख्या संयुक्त ठरलीच, आणि अवयवही काढता येतात. तसे काढून बघू, जणू आपल्याला ६४१ माहीतच नाही.

दोन्ही मांडण्यांतून सम आकड्यांची जोडी घ्या, ६५५३६ आणि ६२२६४. फरक ३२७२, बेरीज १२७८००. विषम आकड्यांची जोडी, २०४४९ आणि १. फरक २०४४८, बेरीज २०४५०. दोन्ही फरकांचा मसावि काढा: ३२७२ = ८ × ४०९, २०४४८ = ८ × २५५६, आणि ४०९ व २५५६ मध्ये सामाईक काही नाही, म्हणून मसावि ८. दोन्ही बेरजांचा मसावि: १२७८०० = ५० × २५५६, २०४५० = ५० × ४०९, म्हणजे ५०. आता ८ आणि ५० यांची निम्मी घ्या, ४ आणि २५. वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. आणि ४०९, २५५६ च्या वर्गांची बेरीज ६७००४१७. दोन्ही अवयव तळाशी बसलेलेच होते.

अडचण एवढीच की दुसरी मांडणी मुळात शोधायची कशी. हाताने शोधायची तर संख्येतून एकेक वर्ग वजा करत उरलेला आकडा वर्ग आहे का ते बघावं लागतं, आणि ते काम रटाळ आहे. शिकण्यासाठी ही रीत अप्रतिम, रोजच्या वापराला ६४१ ची वाट बरी.

फर्माच्या कसोटीलाच चकवा

एखादी संख्या मूळ असावी का याचा झटपट अंदाज घ्यायला फर्माचंच प्रमेय उलटं वापरतात: न ही संख्या तपासायची असेल तर २^(न−१) ची न ने भागून बाकी बघा. १ आली नाही तर ती नक्की संयुक्त. १ आली तर बहुधा मूळ.

आपल्या संख्येला लावून बघा. तिने भागलं असता २^३२ ची बाकी −१, २^६४ ची १. आणि न−१ म्हणजे २^३२, ज्याला ६४ ने भाग जातो. म्हणून बाकी १ च येणार. संयुक्त असूनही ही संख्या दोनाच्या कसोटीत साळसूदपणे उत्तीर्ण होते! हे फक्त हिचंच नाही, कुठलीही फर्मा संख्या दोनाच्या कसोटीत पास होते. त्यामुळे या घराण्यासाठी दोनाची कसोटी निरुपयोगी.

तीन घ्या. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, त्याचा वर्ग, असं ३२ वेळा, दर वेळी आपल्या संख्येने भागून बाकी ठेवत. शेवटी येतात ३०२९०२६१६०. १ नाही, म्हणजे संयुक्त, आणि एकही अवयव न शोधता. हे मात्र संगणकावर करा, आणि तिथे एक खड्डा आहे तो टाळा. मधले वर्ग २० आकड्यांपर्यंत जातात. स्प्रेडशीट पंधरा आकड्यांपुढे प्रामाणिक राहत नाही: ४२९४९६७२९६ चा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६ आहे, स्प्रेडशीट दाखवेल १८४४६७४४०७३७०९६००००० आणि चूक झाल्याचा चकारही काढणार नाही. पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक ठेवणारी पायथॉनसारखी भाषा वापरा.

शेजारपाजार

एकाने खाली ४२९४९६७२९६: ३२ बिटांत मावणाऱ्या वेगवेगळ्या नोंदींची संख्या. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्याही हीच. म्हणून ३२ बिटांच्या, चिन्ह नसलेल्या पूर्णांकाच्या खणात आपली संख्या ठेवली तर कडेला वळसा घालून तिथे नुसता १ दिसतो. प्रोग्रॅममध्ये ही संख्या टाकून १ छापून आला, तर गणित चुकलेलं नाही, खण लहान पडलाय.

दोनाने खाली ४२९४९६७२९५. हिचे अवयव पाडायला भाग लावायची गरजच नाही: ३ × ५ = १५, × १७ = २५५, × २५७ = ६५५३५, × ६५५३७ = ४२९४९६७२९५. आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार! म्हणूनच ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांपैकी कोणीही आपल्या संख्येला भागलं की २ उरतात. सुरुवातीच्या नोंदीचं उत्तर हे. गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती नुसत्या पट्टी-कंपासने काढता येते. विषम बाजूंसाठी हे फक्त वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांच्या गुणाकारांनाच साधतं. आज माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या त्या पाचच. म्हणून अशी काढता येणारी, ज्ञात असलेली बाजूंची संख्या विषम असलेली सर्वांत मोठी सुसम आकृती बरोबर ४२९४९६७२९५ बाजूंची. कागदावर ती वर्तुळाहून वेगळी दिसणार नाही हा भाग निराळा.

६४१ चीही एक गंमत. १ ला ६४१ ने भागा: ०.००१५६००६२४०२४९६० ९९८४३९९३७५९७५०३९, आणि मग पुन्हा तेच. आवर्तन ३२ आकड्यांचं. मधोमध तोडून दोन्ही अर्धी एकाखाली एक मांडा आणि बेरीज करा, सोळाच्या सोळा नऊ येतात. कारण ओळखीचं आहे: १०^८ ला ६४१ ने भागून बाकी १५४, तीच जी २^१६ ची होती. तिचा वर्ग −१. म्हणजे १ वर पंधरा शून्यं आणि शेवटी १, या संख्येलाही ६४१ ने भाग जातो.

पुढची संख्या तुमच्यासाठी

या घराण्यातली पुढची, २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. वीस आकडे. एकोणिसाव्या शतकात फोर्तुने लांद्री याने वयाच्या ८२ व्या वर्षी हिचे अवयव काढून १८८० मध्ये जाहीर केले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. साचा आता २५६क + १ असा होतो, आणि २७४१७७ साठी क = १०७१. एवढ्या पायऱ्या चढायला लावणार नाही, पण पडताळा हाताने होतो. २^३२ म्हणजे ४२९४९६७२९६. त्यातून २७४१७७ × १५६६४ वजा करा, उरतात २५८७६८. तो आकडा मोठा वाटतो, म्हणून त्यातून आणखी एकदा २७४१७७ काढा, झाले −१५४०९. आता १५४०९ चा वर्ग करा: २३७४३७२८१. बाजूला २७४१७७ × ८६६ मांडा: २३७४३७२८२. पुन्हा एकाने कमी.